झवादीची ओटी

आमच्या वरच्या मजल्यावर दर उन्हाळ्यात शिरीषच्या आई यायच्या. अहिल्यामावशी. व्हिसा तीन महिन्यांचा, म्हणून जुलै संपता संपता उतरायच्या आणि नवरात्र आटोपलं की पुण्याला परत. शिरीष जर्मनीत एर्लांगेनमधल्या एका मोठ्या कंपनीत इंजिनियर, त्याची बायको विभावरी सॉफ्टवेअरमध्ये. दोघं सकाळी सायकली काढून निघून जात आणि मावशी दिवसभर भिंतींशी बोलत बसत. मी घरी बसून यंत्रांच्या माहितीपत्रकांचे जर्मनमधून अनुवाद करायचे, त्यामुळे आमच्या जिन्यात दिवसा मराठी समजणारी मी एकटीच. मावशी चहाला खाली येत आणि माझ्या चहात दरवेळी एक खोट काढत. मला त्या आवडायच्या.

पुण्याच्या बाईकडून जे जे अपेक्षित असतं ते सगळं त्यांच्यात होतं. पण त्यांचं बालपण पुण्यात गेलंच नव्हतं. त्या जन्मल्या आणि वाढल्या आफ्रिकेत, टांगानिकातल्या टाबोरा गावी, इंग्रजांच्या अमलात. वडील रेल्वेत स्टेशनमास्तर. एकोणिसाव्या वर्षी लग्न ठरलं, बोटीत बसल्या आणि मुंबईला उतरल्या. सासरी आफ्रिकेबद्दल कोणी विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही. शिरीषला इतकंच ठाऊक होतं की आजोबांकडे एक हस्तिदंती मुठीची काठी होती.

पहिल्याच उन्हाळ्यात, २०१२ साली, मावशींनी एक गुन्हा केला. रविवारी दुपारी रिकाम्या बाटल्यांची पिशवी घेऊन त्या कोपऱ्यावरच्या काच टाकायच्या डब्याशी गेल्या आणि एकेक बाटली आत टाकायला लागल्या. रविवारी बाटल्या टाकायच्या नसतात, आवाज होतो, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. शेजारच्या इमारतीतल्या फ्राऊ लिंडनर तरातरा खाली आल्या आणि त्यांनी मावशींना खडे बोल सुनावले. मावशींना जर्मनचा एक शब्द कळत नव्हता. पण गोरी बाई अंगावर आली की काय म्हणायचं असतं, ते लहानपणी जिभेवर बसलेलं होतं. त्या स्वाहिलीत म्हणाल्या, "समहानी, मामा." म्हणजे माफ करा, बाई.

तशी फ्राऊ लिंडनरनी स्वाहिलीतच विचारलं, तू कुठून आलीस? मी खिडकीतून बघत होते. दोन म्हाताऱ्या कचऱ्याच्या डब्याशी उभ्या राहून एकमेकींचे हात धरून हसत होत्या, आणि मग हसता हसता डोळे पुसायला लागल्या.

गुडरून लिंडनर निवृत्त शिक्षिका. मावशींपेक्षा दोनेक वर्षांनी मोठी. जन्म मोशीजवळच्या कॉफीच्या मळ्यावरचा, कारण तिचे आईवडील जर्मनीतून तिथे मळा करायला गेलेले. लढाई सुरू झाली तेव्हा इंग्रजांनी वडिलांना छावणीत डांबलं, आणि पुढे मायलेकींना बोटीत घालून जर्मनीला धाडून दिलं. स्वाहिली ती स्वयंपाकघरात शिकली, मावशी शिकल्या परसात. दोघींना ती बोलायला साठ-सत्तर वर्षं कोणी मिळालं नव्हतं.

मग रोज दुपारी अंगणातल्या चेस्टनटच्या झाडाखालचा बाक त्यांचा झाला. स्वाहिलीत बहिणीला दादा म्हणतात. गुडरून खालून "दादा!" अशी हाक मारायची आणि मावशी लगबगीने चपला घालायच्या. शिरीषला याची फार मजा वाटायची. आईला जर्मनीत नवा भाऊ मिळाला म्हणून तो सगळ्यांना सांगत असे. मावशी दर वर्षी गुडरूनसाठी बाकरवडी आणायच्या, आणि गुडरूनने ती तिखट लागते असं कधीही म्हटलं नाही. मी मनातून थोडी जळायचे, हे खरं सांगते. माझ्या चहातली खोट काढायलाही मावशींना वेळ उरला नव्हता.

त्या बाकावर मावशींनी एके दिवशी गुडरूनला जे सांगितलं, ते आजवर कोणालाही सांगितलं नव्हतं. मला ते खूप नंतर, सगळं बिनसल्यावर कळलं. पण इथे आधीच सांगते, नाहीतर पुढचं उमजायचं नाही.

मावशी जन्मल्या तेव्हा त्यांच्या आईला जबर ताप भरला. दूध आटलं. डॉक्टर दूर, गाईचं दूध बाळाला पचेना. तेव्हा स्टेशनवरच्या एका हमालाची बायको, झवादी, स्वतःचं तान्हं पाठीला बांधून मागच्या दाराने आली आणि तिने या मुलीला पदराखाली घेतलं. वर्षभर ती दोन्ही मुलांना पाजत होती. वडिलांनी बघून न बघितल्यासारखं केलं. साताऱ्याला आजीला मात्र पत्राने कळवलं की देवाच्या कृपेने बाळ सुधारलं.

पुढे दर नवरात्रात अष्टमीला, वडील ड्यूटीवर गेले की आई मागचं दार लावून घ्यायची. झवादीला पाटावर बसवायची, हळदकुंकू लावायची, आणि खण, नारळ नि तांदळाने तिची ओटी भरायची. नारळ खास दार-ए-सलामहून गाडीने मागवलेला असे. झवादी कांग्याच्या, म्हणजे तिच्या नेसूच्या कापडाच्या, टोकात ती ओटी बांधून घ्यायची. छोटी अहिल्या निरांजन धरून उभी असायची. आईने तिला बजावलं होतं, "पाजणारीची जात विचारायची नसते. पण लोक विचारतात. म्हणून बोलायचं नाही." मावशी बोलल्या नाहीत. नवऱ्याला नाही, मुलाला नाही. मराठीत ती गोष्ट सांगायला तोंडच उघडायचं नाही, असं त्या म्हणाल्या. स्वाहिलीत मात्र ती आपली आपण बाहेर आली.

गुडरून तेव्हा आपल्या आफ्रिकेतल्या लहानपणाच्या आठवणी लिहीत होती. मावशींनी तिच्याकडे एकच गोष्ट मागितली. मी लिहू शकत नाही, माझ्या लोकांना झेपणार नाही. तुझ्या पुस्तकात झवादीचं नाव राहू दे. कोणत्याही भाषेत असो, कुठेतरी छापलेलं असू दे. गुडरूनने मावशींचा हात हातात घेऊन कबूल केलं.

पुस्तक आलं २०१६ च्या सप्टेंबरात. एका छोट्या प्रकाशकाने काढलेलं, वर पांढऱ्या फ्रॉकमधल्या मुलीचा फोटो. वाचनालयाच्या दालनात गुडरून त्यातला भाग वाचणार होती. मावशींनी मोतिया रंगाची रेशमी साडी नेसली आणि मला बरोबर घेतलं, कारण कानाशी बसून मराठीत सांगणारं कोणीतरी हवं. विभावरीही ऑफिसातून परस्पर आली होती. पुढच्या रांगेत गुडरूनची मुलंनातवंडं, मागे आम्ही. सुरू व्हायच्या आधी मावशी मला म्हणाल्या, "तू नुसतं एक ध्यानात ठेव. झवादी हे नाव आलं की मला सांग. आलं तर मला कळेलच म्हणा, पण तरी सांग."

मला तेव्हा झवादी कोण ते ठाऊक नव्हतं. मी मान डोलावली.

गुडरून वाचायला लागली. आवाज खणखणीत, शाळामास्तरणीचा. मळा, पाऊस, कॉफीची फुलं, सगळं छान होतं. मग एक प्रकरण आलं, त्याचं नाव होतं माझी आई. मी मावशींच्या कानाशी लागले. मळ्याजवळच्या स्टेशनावर एक हिंदुस्थानी स्टेशनमास्तर होता, मी सांगत गेले. त्याच्या बायकोला ताप आला, दूध आटलं. तेव्हा गुडरूनच्या आईने मळ्यावरच्या गाईचं दूध रोज बाळासाठी पाठवलं. बाळ वाचलं. मग त्या हिंदुस्थानी बाईने गुडरूनच्या आईला लाकडी पाटावर बसवलं, कपाळाला लाल पूड लावली आणि तिच्या मांडीवर कापड, नारळ आणि तांदूळ घातले. दर वर्षी घालत राहिली. एक लहान मुलगी दिवा घेऊन उभी असायची.

हे सांगताना माझा ऊर भरून आला होता. आपल्याकडची ओटी अशी जर्मन पुस्तकात निघाली म्हटल्यावर कोणाला बरं वाटणार नाही? गुडरूनने मान वर केली आणि मावशींकडे हात करून म्हणाली, ती लहान मुलगी आज इथे बसली आहे. सगळ्या दालनाने वळून बघितलं आणि टाळ्या वाजल्या. विभावरीने उठून फोटो काढला.

मावशींनी विचारलं, "नाव आलं?"

मी म्हटलं नाही.

"पुढे येईल."

पुढे आलं नाही. पुढे गुडरूनच्या आईचा पियानो आला आणि प्रकरण संपलं.

वाचन झाल्यावर कॉफी आणि केक होता, आणि पुस्तकावर सही घेणाऱ्यांची रांग. मावशी रांगेत उभ्या राहिल्या, मध्ये घुसल्या नाहीत. नंबर आला तेव्हा त्यांनी पुस्तक पुढे केलं नाही. दोन्ही हात टेबलावर टेकून त्यांनी स्वाहिलीत काहीतरी विचारलं, त्यातलं झवादी एवढंच मला कळलं. गुडरूनचा चेहरा पडला. ती खाली बघत, हळू आवाजात बराच वेळ बोलली. मग तिने माझ्या हातातली प्रत घेतली, सही केली आणि मावशींच्या हातात दिली. मावशी वळल्या, आणि मी त्यांच्या मागे.

बसमध्ये मावशींनी मला सगळं सांगितलं. टाबोरा, झवादी, मागचं दार, ओटी. आणि मग गुडरून काय म्हणाली तेही.

गुडरून म्हणाली होती, माझ्या आईच्या हातात चाबूक असायचा, दादा. आमच्या स्वयंपाक्याची पाठ मी पाहिलेली आहे. माझी नातवंडं पहिल्या रांगेत बसली आहेत, मी त्यांना काय देऊन जाऊ? माझ्याजवळ माझ्या आईची एकही चांगली गोष्ट नव्हती. तुला दोन आया होत्या. त्यातली एक मी घेतली. आणि तू तरी कुठे ती कोणाला दाखवत होतीस?

"शेवटचं वाक्य ती खरं बोलली," मावशी म्हणाल्या. "म्हणून जास्त लागलं."

मला संताप आला होता. गाईचं दूध! ज्या बाईने स्वतःच्या लेकराच्या वाटणीचं दूध दिलं, तिच्या जागी एक मळेवाली मेमसाब आणून बसवायची आणि उपकार तिच्या नावावर जमा करायचे. आणि ते माझ्याच तोंडून मावशींच्या कानात ओतलं गेलं होतं, तेही कौतुकाने. मी म्हटलं, प्रकाशकाला लिहू, मी जर्मनमध्ये लिहून देते. मावशी म्हणाल्या, परक्याला काय लिहायचं, आधी घरात सांगते. मी आता गप्प बसणार नाही. तू मात्र बरोबर ये, एकटीला मला जमायचं नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार. मी सकाळी चहाला वर गेले. घरात नुसता आनंद होता. विभावरीने फोटो इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला होता आणि अभिनंदनांचा पाऊस पडत होता. आमच्या मंडळाचा सेक्रेटरी शिरीषच. त्याने सकाळीच जाहीर करून टाकलं होतं की यंदाच्या भोंडल्याला फ्राऊ लिंडनर प्रमुख पाहुण्या.

मावशींनी कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. मराठीत, घरच्यांना पहिल्यांदाच. शब्द अडखळत होते, पण एकही गाळला नाही. शेवटी म्हणाल्या, "मला भोंडल्याच्या दिवशी दोन मिनिटं बोलायचंय. जास्त नाही. झवादीचं नाव घ्यायचंय."

मग शिरीषने जे विचारलं ते ऐकून मला त्याला जिन्यावरून खाली ढकलावंसं वाटलं. त्याने विचारलं, "म्हणजे तू खरंच तिचं... वर्षभर?"

"हो. वर्षभर. त्यावर मी वाढले आणि माझ्यावर तू."

विभावरी उठून उगीच कप गोळा करायला लागली. शिरीष वाईट मुलगा नाही. आईला दर वर्षी आणतो, औषधं वेळेवर देतो. पण त्या सकाळी तो सेक्रेटरीसारखा बोलला. मंडळात सगळ्या प्रकारचे लोक असतात, पुण्याला नातेवाइकांपर्यंत जाईल, मामांना या वयात काय वाटेल. आणि मुख्य म्हणजे पुस्तकात वेगळंच छापून आलंय.

"जा, गेनाऊ," विभावरी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. म्हणजे हो, अगदी बरोबर; इकडे राहून हे शब्द तोंडात बसतात. "अहो आई, छापलेलं सोडून लोक तुमचं कसं मानतील? आणि जे छापलंय त्यात आपलं काही वाईट नाहीये ना. आजींनी एका जर्मन बाईची ओटी भरली. किती छान दिसतं ते."

"छान दिसतं, आई," शिरीष म्हणाला. "राहू दे ना तसंच."

मावशींनी त्याच्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही. गुडरूनपुढे त्या ताठ उभ्या राहिल्या होत्या. इथे त्या बसल्या जागी एवढ्याशा झाल्या. परकीने घेतलं ते घेतलं, पण पोटच्या पोराने ते तिचं म्हणून कबूल करून टाकलं. त्या उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि दुपारी जेवायलाही बाहेर आल्या नाहीत. मी खाली आले आणि दिवसभर एका डायलिसिसच्या यंत्राचं माहितीपत्रक चुकीचं भाषांतरित करत बसले.

त्यानंतर अंगणातून "दादा" अशी हाक एकदाच आली. मावशींनी खिडकी लावून घेतली.

भोंडला एका चर्चच्या सभागृहात होता. मध्ये पाटावर हत्ती, भोवती फेर, खिरापतीला ढोकळ्यापासून चीजकेकपर्यंत सगळं. मावशी यायला तयार नव्हत्या. शिरीषने फार गळ घातली, आई नाही आली तर लोक काय म्हणतील म्हणून. त्या माझ्याशेजारी खुर्चीवर बसल्या.

गुडरून निळा पोशाख आणि गळ्यात मोठा रेशमी रुमाल घालून आली. तिने मावशींकडे बघून मान हलवली. मावशींनी बघितलं आणि नजर दुसरीकडे नेली. शिरीषने जर्मनमध्ये भाषण केलं, दोन संस्कृतींमधल्या जुन्या नात्याबद्दल. मग म्हणाला, जे माझ्या आजीने आफ्रिकेत केलं ते आज माझी पत्नी करणार आहे.

पाट मांडला गेला. मला पहिल्यांदा वाटलं, निदान मावशींना तरी बोलावतील. पण मावशी विधवा, त्यांनी ओटी भरायची नाही, हे मंडळातल्या बायकांनी आधीच ठरवून टाकलं होतं. गुडरूनचा नवराही कधीचाच गेलेला. पण ते कोणाच्या ध्यानात आलं नाही, किंवा आलं आणि चाललं. एर्लांगेनमध्ये राहून आम्ही नियम कोणाला लावायचा ते बरोबर जाणतो.

विभावरीने कुंकू लावलं. गुडरूनने रुमाल मांडीवर पसरला. खण पडला, नारळ पडला, ओंजळीने तांदूळ पडले. गुडरूनचे डोळे भरून आले होते, आणि मला वाटतं ते खरे होते. इतक्या वेळा लिहून आणि वाचून तिला आता ते आपल्याच आईचं वाटायला लागलं असावं. सगळीकडून फोन उंचावले.

विभावरी ताट हातात धरून क्षणभर थांबली. ओटी भरली की बाईने त्यातले चार दाणे उचलून भरणारीला परत द्यायचे असतात. सगळं आपल्याच पदरात ठेवायचं नसतं. आमच्यातल्या प्रत्येकीला ते न सांगता कळतं. गुडरूनला कळलं नाही. तिने रुमालाची चारी टोकं ओढून घट्ट गाठ मारली, गाठोडं छातीशी धरलं आणि सगळ्यांकडे बघून हसली. टाळ्या झाल्या.

कोणीतरी सांगायला हवं म्हणून मी उठले. मावशींनी माझं मनगट धरलं.

"बस. सांगू नकोस."

"अहो, पण दाणे परत..."

"ते मी तिला सांगितलंच नव्हतं," मावशी म्हणाल्या. "कसं कोण जाणे, सांगायचं राहून गेलं. म्हणून तर तेवढं उरलं." त्यांनी मनगट सोडलं नाही. समोर लोक गुडरूनभोवती फोटोला उभे राहत होते, शिरीष तिच्या खांद्यावर हात ठेवून मधोमध. मावशी त्या गर्दीकडे बघत होत्या, पण बोलत होत्या माझ्याशी, आणि आवाज मुळीच हळू केलेला नव्हता.

"झवादी द्यायची परत. आईच्या हातावर चार, आणि मग वाकून माझ्या हातावर चार. एकाही वर्षी विसरली नाही."